खाडीकाठच्या जुन्या चिखलातून बिया कशा वाचायच्या: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी पहिली पावलं

ठाण्यात किंवा नवी मुंबईत खाडीच्या बाजूला एखाद्या इमारतीचा पाया खणत असतील तर दोन मिनिटं थांबून पाहा. वर मुरूम, विटांचे तुकडे, प्लास्टिक. त्याखाली एकदम निळसर-काळा, मऊ, चिकट चिखल. बांधकामवाल्यांना तो नकोसा, कारण त्यावर भार टाकता येत नाही, पाइल थेट खडकापर्यंत न्यावे लागतात. मला मात्र तो त्या जागेचा जुना सातबारा वाटतो. तिथे कोणती झाडं उभी होती, पाणी गोडं होतं की खारं, बांध कधी पडला, भात कधी आला, हे सगळं त्यात बियांच्या रूपाने पडून असतं. ते वाचायला प्रयोगशाळा लागते असं नाही. चिकाटी लागते आणि काही सवयी लागतात.

आधी काळाचा अंदाज घेऊ. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, जगभरच समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. तेव्हा ठाण्याची खाडी ही खाडी नव्हतीच, ती कोरडी दरी होती. बर्फ वितळला, समुद्र चढत गेला आणि साधारण सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या जवळ आला. आपल्या पायाखालचा खाडीचा चिखल बहुतांशी त्यानंतर साचलेला आहे. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकात प्रिन्सेस डॉक खणताना भरतीच्या रेषेच्या कितीतरी खाली शेकडो झाडांचे बुंधे सापडले, त्यातले बरेच जागच्या जागी उभे. झाडं बहुतेक खैराची होती. खैर खाऱ्या चिखलात वाढत नाही. म्हणजे ती जमीन एके काळी कोरडी होती, हे एका झाडाच्या ओळखीवरून कळलं. आपल्याला हेच करायचं आहे, फक्त बुंध्याऐवजी मिलिमीटरभराच्या बीवरून.

वरळी-मलबार हिलच्या बेसॉल्टच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळात बेडूक आणि कासवांचे जीवाश्म सापडले आहेत, तीही जुनी पाणथळ जागाच. पण ती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची, दगड झालेली. छिंदवाड्याकडच्या तशाच थरांमध्ये गोलपात्याच्या (खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या निपा पामच्या) जातकुळीतल्या पामची फळं आणि गोड्या पाण्यात तरंगणारा अझोला नेचा, दोन्हींचे अवशेष मिळाले आहेत. तिथे दगड कापून, घासून, पातळ चकत्या करून पाहावं लागतं. हा लेख तेवढ्या मागे जात नाही. इथे फक्त मऊ चिखलाबद्दल बोलू.

आधी बाटल्या, मग चिखल

नवीन माणूस सरळ चिखल आणायला धावतो. मीही तेच केलं होतं. पहिला नमुना धुऊन झाल्यावर समोर साठ-सत्तर तपकिरी ठिपके होते आणि त्यातला एकही मला ओळखता येत नव्हता. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की निदान एक हिवाळा जुन्या चिखलाला हातच लावू नका. आजच्या बिया गोळा करा.

पाऊस ओसरला की ऑक्टोबर ते डिसेंबर हा उत्तम काळ. तळ्याच्या काठी, नाल्याच्या कडेला, भातखाचराच्या बांधावर जा. लव्हाळ्याचे आणि नागरमोथ्याचे जेवढे प्रकार दिसतील तेवढ्यांची कणसं घ्या. पाणकणीस, कुमुद, जलपिंपळी, नाळीची भाजी, माठ आणि त्याचे रानटी भाऊबंद, साधं भात, सगळं घ्या. खाडीच्या बाजूची मोरस, धापा, मारांडी, मिरजोळी ही झाडं रस्त्याच्या कडेलाही भेटतात. प्रत्येक झाडाचा फोटो, तारीख, जागा, आणि बी पूर्ण पिकलेली हवी. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या यासाठी अगदी नेमक्या मापाच्या असतात. चिठ्ठी बाटलीच्या आत टाका आणि पेन्सिलीने लिहा. शाई ओली झाली की पसरते.

आता एक गोष्ट करा, जी सहसा कोणी सांगत नाही. प्रत्येक प्रकारच्या बियांचे तीन वाटे करा. एक तसाच ठेवा. दुसरा महिना-दोन महिने पाण्यात कुजू द्या. तिसरा जुन्या तव्यावर वाळूत घालून मंद आचेवर काळा होईपर्यंत भाजा. जुन्या चिखलातली बी कधीच ताज्या बीसारखी दिसत नाही. तिचं बाहेरचं साल गेलेलं असतं, केस झडलेले असतात, रंग तपकिरी किंवा काळा झालेला असतो. कुजलेली आणि जळलेली बी शेजारी असेल तरच जुळणी होते.

याच काळात आणखी एक धडा घेऊन ठेवा. एखाद्या तळ्याच्या काठावरचा, परवानगी असलेल्या जागेतला, वरचा सेंटीमीटरभर चिखल घ्या, धुवा, त्यात कोणत्या बिया निघतात ते पाहा आणि आजूबाजूला काय उगवलंय त्याच्याशी ताडून बघा. काही झाडं डोळ्यांसमोर माजलेली असतात आणि चिखलात त्यांचा पत्ता नसतो. काही झाडं दोन-चारच असतात आणि चिखल त्यांच्या बियांनी भरलेला असतो. ही तफावत एकदा हातांनी अनुभवली की पुढे जुना नमुना वाचताना घाई होत नाही.

चिखल कुठून आणायचा

खाडीत उतरून नव्हे. ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा मिळाला आहे. अभयारण्यातून काहीही उचलायला वन्यजीव कायद्याखाली लेखी परवानगी लागते. कांदळवनाला आणि त्याभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्याला न्यायालयाचं संरक्षण आहे. हे नियम आपल्याच बाजूचे आहेत. कांदळवन जाईल त्या दिवशी आपला संदर्भही जाईल.

शिवाय त्या चिखलात माणूस कमरेपर्यंत रुततो आणि उधाणाचं पाणी मागून कधी येतं ते कळत नाही. कोळी लोक भांगाच्या (कमी भरतीच्या) दिवसांत आणि उधाणाच्या दिवसांत वेगळ्या हिशोबाने खाडीत उतरतात, तो हिशोब त्यांच्या अंगात मुरलेला असतो. आपल्या नाही.

नवख्यासाठी सरळ मार्ग म्हणजे पायाचे खड्डे आणि गाळ काढणं. साइटवरच्या इंजिनिअरला नम्रपणे विचारा. मातीपरीक्षणासाठी बोअर घेतात तेव्हा खोलीवार नमुने निघतात आणि काम झालं की ते टाकूनच देतात. खड्ड्यात स्वतः उतरू नका, कडा ढासळतात. कामगाराकडून किंवा सुपरवायझरकडून विटेएवढा अखंड ढेकूळ मागून घ्या आणि तो किती खोलीवरचा हे तिथल्या तिथे लिहा. खोली भरावाच्या वरून मोजली की भरावाच्या तळापासून, हेही लिहा. नवी मुंबईत हा फरक फार महत्त्वाचा आहे. तिथे बऱ्याच जागी खाजणावर भराव टाकून जमीन उंच केली आहे, त्यामुळे भरावाखालची पहिली काळी रेषा हाच आपला शून्य.

तळ्यांचा गाळ पावसाळ्याआधी काढतात, ठाण्यात तर तळ्यांना तोटा नाही. पण यंत्राने उपसलेल्या गाळात वरखाली सगळं कालवलेलं असतं. तो सरावाला चांगला, निष्कर्षाला नाही.

स्वतःच्या शेतात किंवा मालकाच्या परवानगीने नळी ठोकायची असेल तर दोन इंची पीव्हीसी पाइप, मीटरभर लांब, खालची कड कानशीने धारदार केलेली, पुरते. नळी आत जाताना चिखल दबतो, हे मोजायला विसरू नका. नळी ८० सेंटीमीटर आत गेली आणि आतला चिखल ६४ सेंटीमीटर भरला, तर प्रत्येक सेंटीमीटर म्हणजे जमिनीतले सव्वा सेंटीमीटर. वर कोणती बाजू आणि खाली कोणती, ते नळीवर बाण काढून लगेच लिहा. व्यावसायिक लोक अर्धगोल पात्याचा रशियन कोअरर वापरतात, त्यात चिखल दबत नाही. पण सुरुवातीला त्यावर खर्च करण्याची गरज नाही.

ओला ठेवा

या कामातला सगळ्यात महत्त्वाचा नियम एका शब्दाचा आहे: ओला. चिखलातली बी टिकली ती तिथे प्राणवायू नव्हता म्हणून. तिच्या पेशींत आता पाणीच भरलेलं आहे. ते सुकलं की ती आक्रसते, तडकते आणि तिचा भुगा होतो.

मला हे ठाऊक नव्हतं. एका साइटवरून मिळालेले पाच ढेकूळ मी मे महिन्यात गच्चीवर वर्तमानपत्रावर वाळत घातले. वाळल्यावर चाळायला सोपे जातील असं वाटलं. तीन दिवसांनी पाण्यात टाकले तर वर तरंगला तो नुसता चुरा, लव्हाळ्याच्या बियांची टरफलं उलगडून सपाट झालेली. पुन्हा आणायला गेलो तोवर खड्ड्यात काँक्रीट ओतून झालं होतं. त्या जागेचा सातबारा मी स्वतःच्या हाताने मिटवला, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून ढेकूळ आणला की स्वयंपाकघरातल्या प्लास्टिक फिल्ममध्ये दोन पदरी गुंडाळा, झिप पिशवीत घाला, फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नको, बर्फाने बी फुटते.

उघडताना आधी बाहेरचा अर्धा सेंटीमीटर थर सुरीने खरवडून टाकून द्या, त्याला आजची माती लागलेली असते. आतला ताजा काप पाहा आणि लिहा: रंग, शिंपल्यांचे तुकडे, मुळांच्या रेषा, वाळू बोटाला लागते का, सडक्या अंड्यासारखा वास येतो का. तो वास गंधकाचा, खाऱ्या आणि प्राणवायूविना चिखलाचा. हवेत दहा मिनिटांत रंग बदलतो, म्हणून वर्णन आधी, चहा नंतर.

धुणं

एका नमुन्याला ५० घनसेंटीमीटर चिखल घ्या. मोजण्याच्या भांड्यात ठरावीक पाणी घेऊन त्यात ढेकूळ सोडला की पाणी जेवढं चढेल तेवढं त्याचं आकारमान. ही संख्या नसेल तर पुढे दोन थरांची तुलनाच करता येत नाही.

आपला चिखल बेसॉल्टच्या झिजेतून आलेला, फुगणारा आणि चिवट. शिवाय खारा. मिठामुळे मातीचे कण एकमेकांना धरून बसतात, म्हणून आधी एक रात्र साध्या पाण्यात भिजवा, वरचं पाणी बारीक चाळणीतून ओतून टाका, पुन्हा भिजवा. मग कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून एक-दोन दिवस ठेवा. प्रयोगशाळेत यासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरतात, पण ते त्वचा आणि डोळे जाळतं, घरात नको. ढेकूळ बोटांनी कुस्करू नका. आपोआप विरघळेपर्यंत वाट पाहा.

चाळण्या तीन हव्यात: अर्धा मिलिमीटर, पाव मिलिमीटर आणि १२५ मायक्रॉन. पहिल्या प्रयोगाला मैद्याची चाळणी आणि खाली ताणून बांधलेलं मलमल चालेल. नळाची धार मंद ठेवा. प्रत्येक नमुन्यानंतर चाळणी ब्रशने घासून उजेडात धरून पाहा. आधीच्या नमुन्यातली एक बी अडकून राहिली तर ती पुढच्या थरात हजार वर्षांची गडबड करते. चाळणीतून खाली जाणारं पाणी बेसिनमध्ये सोडू नका, पाइप तुंबतो. बादलीत घेऊन बागेत ओता.

निवडणं आणि ओळखणं

इथे खरा वेळ जातो, आणि तो जाऊ द्यावा.

दहा ते चाळीस पट मोठं दाखवणारा, दोन डोळ्यांनी पाहायचा स्टिरिओ मायक्रोस्कोप मिळाला तर उत्तम. पांढऱ्या बशीत पाण्याचा पातळ थर, त्यात चाळणीत उरलेला चिमूटभर गाळ, आणि शून्य नंबरचा चित्रकलेचा ब्रश. चिमट्याने बी दाबली जाते, ब्रशच्या ओल्या टोकाला ती आपोआप चिकटते. बशीखाली आलेखकागद ठेवला तर एक-एक चौकोन ओळीने तपासता येतो आणि मापही कळतं.

समजा, एक तपकिरी दाणा दिसला, दीड मिलिमीटरचा. ब्रशने उलटा. तीन कडा आहेत का? वरून पाहिलं तर त्रिकोण दिसतो का? मग तो बहुधा लव्हाळ्याच्या कुळातला, फुलाला तीन टोकांची कुक्षी असली की फळ तिधारी होतं. दोन टोकांची असली की चपटं, भिंगासारखं. आता टोक पाहा. टोकावर छोटी टोपी बसलेली असेल तर एलिओकॅरिस. बुडाशी काटेरी केसांचा झुबका उरला असेल आणि दाणा मोठा, चकचकीत असेल तर शोनोप्लेक्टस. पृष्ठभागावर शिडीसारख्या आडव्या रेषांच्या रांगा असतील तर फिंब्रिस्टायलिस. प्रजातीपर्यंत पोचलाच पाहिजेत असा हट्ट नको. ‘लव्हाळा कुळ, तिधारी’ एवढं खात्रीने लिहिणं हे चुकीच्या प्रजातीच्या नावापेक्षा कितीतरी मोलाचं.

काळी, चकचकीत, भिंगासारखी, मिलिमीटरभर बी निघाली की सावध व्हा. ती मोरसेची असू शकते, म्हणजे खारी जमीन. किंवा माठाची, त्याच्या रानटी भाऊबंदांची, म्हणजे शेत, उकिरडा, बांध. आतला गर्भ मोरसेत गोगलगाईसारखा वेटोळं घातलेला असतो, माठात तो कडेने कड्यासारखा फिरतो. एक दाणा फोडून पाहायची हिंमत करा, पण दहा असतील तरच.

चिप्पी हे कांदळवनातलं झाड, त्याच्या फळात खूप बिया असतात, वाकलेल्या, इंग्रजी यू किंवा व्ही अक्षरासारख्या. कुमुदाची बी गोलसर, पृष्ठभागावर उभ्या रांगा. स्क्रूसारखे आटे असलेला अर्ध्या मिलिमीटरचा काळा दाणा ही बी नव्हे, तो कारा शेवाळाचा बीजाणू. तो दिसला की स्थिर, उथळ, उजेड तळापर्यंत पोचणारं पाणी होतं असं समजा. भाताच्या टरफलावर बुद्धिबळाच्या पटासारख्या उंचवट्यांच्या ओळी दिसतात, एवढासा तुकडाही पुरतो. आणि चाळणीत शंखासारखे सूक्ष्म कवच निघाले तर टाकू नका. ती फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची कवचं, खाऱ्या पाण्याची साक्ष. त्यांना वेगळी बाटली.

जलपर्णीची किंवा घाणेरीची बी निघाली तर आनंद मानू नका. दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या, आपल्याकडे अलीकडच्या शतकांत आलेल्या. खोल थरात त्या सापडल्या म्हणजे वरची माती खाली गेली आहे, खेकड्याच्या बिळातून किंवा तुमच्या सुरीवरून. असा नमुना बाजूला ठेवा.

मोजणी, आणि न सापडलेल्याचं काय

मोजलेले आकडे १०० घनसेंटीमीटरला किती असे लिहा. ५० मध्ये १२ दाणे म्हणजे २४. मग आलेखकागदावर खोली वरून खाली आणि प्रत्येक वनस्पतीला एक उभी पट्टी.

सरावासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. तळाच्या ८० ते ९० सेंटीमीटरमध्ये फोरॅमिनिफेरा भरपूर, चिप्पीच्या काही बिया. मधे ५० ते ६० मध्ये चिप्पी नाही, मोरस आणि तिधारी लव्हाळे वाढलेले. वर २० ते ३० मध्ये कवचं एकदम संपली, भाताची टरफलं, कारा, पाणकणीस. सरळ वाचलं तर खाडीचा काठ, मग गाळ साचून उंचावलेलं खारट गवताळ रान, मग बांध घालून गोडं केलेलं भाताचं खाजण. पण बदल हळूहळू झाला की एका रेषेत? कवचं पाच सेंटीमीटरच्या आत नाहीशी झाली असतील तर माणसाचा हात दिसतो: बांध आणि उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार). वीस-पंचवीस सेंटीमीटरवर विरळ होत गेली असतील तर नदीच्या गाळानेही ते झालं असू शकतं. दोन्ही शक्यता लिहा.

पाणकणसाच्या आकड्यावर कधीच विसंबू नका. त्याच्या एका कणसात बियांची संख्या लाखाच्या घरात जाते आणि त्या वाऱ्यावर उडतात. दोनशे बिया म्हणजे दोनशे झाडं नव्हे, कदाचित शेजारच्या नाल्यातलं एकच. लव्हाळ्याचे दहा जड दाणे त्यापेक्षा जास्त सांगतात, कारण ते बहुधा जिथे पडले त्याच्या जवळपासच राहतात.

आणि तिवर. ठाणे खाडीत आज सगळ्यात जास्त दिसणारं झाड हेच, आणि जुन्या चिखलात त्याची बी जवळजवळ मिळतच नाही. तिवराचं फळ झाडावर असतानाच आत अंकुरायला लागतं, पाण्यात पडलं की पातळ साल सुटतं, आणि मऊ दळं रुजतात किंवा कुजतात. टिकण्यासारखं कठीण कवचच नाही. म्हणून ‘तिवराच्या बिया नाहीत, म्हणजे तिवर नव्हतं’ हे वाक्य कधीही लिहू नका. त्यासाठी परागकण पाहावे लागतात, आणि तिथेही तिवर कमी दिसतं कारण त्याचं परागण कीटक करतात. कांदळाचे परागकण मात्र वाऱ्याने दूरवर पसरतात, ते जवळ झाड नसतानाही मिळतात. बी आणि पराग दोघांना एकत्र विचारलं की गोष्ट पुरी होते. परागकणांसाठी पुण्याची आघारकर संशोधन संस्था, लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था अशा ठिकाणच्या अभ्यासकांकडे वळावं लागतं. तुमच्याकडे खोलीवार नीट ठेवलेले, कधी न वाळलेले नमुने असतील तर बोलणं सोपं होतं.

वय ठरवायचं झालं तर कार्बन-१४, म्हणजे अवशेषात उरलेला किरणोत्सारी कार्बन मोजणं. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, आणि सुमारे ५०,००० वर्षांपर्यंत ही पद्धत चालते. त्यातल्या एएमएस पद्धतीला, जी कार्बन-१४ चे अणू थेट मोजते, काही मिलिग्रॅम पुरतात, म्हणजे मोजक्या बिया. दिल्ली आणि अहमदाबादला अशी यंत्रं आहेत, पण खर्च येतो. तारखेसाठी जमिनीवर वाढलेल्या झाडाची बी निवडा, लव्हाळा किंवा भात. शिंपला आणि पूर्ण पाण्याखाली वाढणारी वनस्पती टाळा, कारण समुद्रात आणि पाण्यात विरघळलेला जुना कार्बन त्यांचं वय खोटं वाढवतो. तारखेसाठी ठेवलेल्या बियांना अल्कोहोल किंवा ग्लिसरीन लावू नका. स्वच्छ पाण्यात, फ्रिजमध्ये, लवकर पाठवा. उरलेल्यांना पाणी, ग्लिसरीन आणि थोडं अल्कोहोल यांचं मिश्रण.

शेवटी एक बाटली ‘अनोळखी’ म्हणून ठेवा आणि प्रत्येक अनोळखी बीला आकडा द्या. माझा ‘अनोळखी ७’ दोन पावसाळे पडून होता: दीड मिलिमीटर, एका बाजूने फुगीर, दुसऱ्या बाजूने सपाट. मी अख्ख्या बिया चाळत होतो आणि काहीच जुळत नव्हतं. एका ऑक्टोबरात घणसोलीला नाल्याच्या कडेला जलपिंपळीचं पिकलेलं बोंड बोटांत चोळलं, त्यातलं इवलंसं फळ बरोबर मधून दोन तुकड्यांत सुटलं आणि प्रत्येक तुकडा एका बाजूने सपाट निघाला. घरी आल्यावर बाटलीवरची चिठ्ठी बदलली आणि त्या थराच्या नोंदीत लिहिलं: ओला काठ, पाणी गोडं.